शाळेत टॅब-पॅनेल येतात, पण पोरांना काय आलं हे मोजायचं कसं?

दगडीपाटी | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, पण अडलोय म्हणून विचारतोय.

आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पट ४१. यंदा जत्रेला मुंबई-पुण्याची मंडळी गावी आली होती. देवळापुढे बैठक बसली, शाळेसाठी वर्गणी निघाली आणि रक्कम चांगली जमली. आता शाळा व्यवस्थापन समितीत दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात भिंतीवर मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनेल लावा, निम्मे म्हणतात टॅब घ्या आणि त्यात अभ्यासाचं अ‍ॅप टाका. मला विचारलं तेव्हा मी महिनाभराची मुदत मागून घेतली.

मुदत मागायचं कारण जुनं आहे. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा जीआर आला आणि त्यानंतर गावोगाव लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं नाव तेव्हा प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी होतं. आम्हीही २०१६ साली प्रोजेक्टर घेतला. सरपंचांनी नारळ फोडला, पोरांना जिलेबी वाटली. दोन वर्षं प्रोजेक्टर बरा चालला, मग दिवा गेला. नवा दिवा घ्यायला पैसे नव्हते, वीजबिलही थकलेलं. तो आजही कपाटात आहे. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, उद्घाटनाचे फोटो आहेत. पण त्या दोन वर्षांत पोरांना त्यातून काय आलं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एका ओळीचंही उत्तर नाही. आधी त्यांना काय येत होतं, हेच मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ही चूक मला पुन्हा करायची नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या केंद्रातल्या एका शाळेत टॅब बघायला गेलो. तिसरीची एक मुलगी वजाबाकीचा खेळ खेळत होती. पडद्यावर ५२ − ३८, खाली चार उत्तरं. तिने पहिल्यावर बोट ठेवलं, लाल झालं. दुसऱ्यावर ठेवलं, लाल. तिसऱ्यावर हिरवं झालं, चांदणी आली, टाळ्या वाजल्या. पुढचं गणित. दहा मिनिटांत वीसेक गणितं झाली आणि शेवटी 'शाब्बास' आलं. मी वहीचं कोरं पान पुढे केलं आणि म्हटलं, बाळा, हेच गणित इथे मांड. तिने सुबक उभी मांडणी केली आणि उत्तर लिहिलं २६. कसं काढलंस म्हटल्यावर म्हणाली, "आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन."

म्हणजे मोठ्यातून लहान काढायचं एवढंच तिला ठाऊक. दशक सुटा करायचा हे तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही. मी काड्यांचे गठ्ठे मागवले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, यातल्या अडतीस मला दे. तीन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या, मग थबकली. उरलेल्या गठ्ठ्यांकडे बघत बसली, आणि हळूच एकाचं रबर काढलं. त्या रबर काढण्यात सगळी हातच्याची वजाबाकी आली. टॅबला ना तिची चूक दिसली होती, ना तिचं थबकणं.

तरी टॅब वाईट, असं मी म्हणणार नाही. एका खोलीत दोन वर्ग सांभाळताना दुसऱ्या वर्गाला काम लागतं, ती गरज खरी आहे. मला एवढंच हवंय की पैसे खर्च करण्याआधी मोजायची रीत ठरावी. कुणी असं केलंय का?

---

नोंदवही | १२ मे, रात्री १०:१५

गुरुजी, मोजताय तर शिक्षकाचा वेळही मोजा. मी सातवीपर्यंतच्या शाळेत आहे. माहिती भरणं, लिंक भरणं, फोटो चढवणं, गुण पोर्टलवर टाकणं, यात रोजचा किती वेळ जातो हे मी महिनाभर घड्याळ लावून लिहिलं. साधारण एक तासिका रोज जाते. रेंज नसेल तर शाळेमागच्या टेकाडावर जाऊन भरायचं. हे सगळं 'शिक्षणातलं तंत्रज्ञान' म्हणूनच धरलं जातं, पण त्या तासिकेला वर्गात कुणी नसतं, हे कुठल्याच अहवालात येत नाही.

---

हातचा_एक | १३ मे, सकाळी ७:०५

दगडीपाटी सर, तुमचं ते रबर काढणं वाचून थांबलो. शैक्षणिक अभ्यासांच्या चाचण्या घेण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की आपण काय मोजतो. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत, चालू संगणक आहे का, इंटरनेट आहे का, ही नोंद होते. २०२३-२४ च्या आकड्यांत देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होतं. ही झाली सामानाची मोजदाद. ती हवीच, पण तिच्यावरून पोराला वजाबाकी येते का ते कळत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने सामान भरपूर दिलं होतं. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला. मुलामागे लॅपटॉप पोचला होता, पोरं तो वापरतही होती. सुमारे १५ महिन्यांनी गणित आणि भाषेच्या चाचणीत फरक निघाला नाही.

उलट बाजूही आपल्याच देशातली आहे. दिल्लीत सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या ६१९ मुलांवर माइंडस्पार्क या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास झाला. कुणाला प्रवेश मिळणार हे सोडत काढून ठरवलं, त्यामुळे तुलना चोख होती. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली वाढ दिसली. तो कार्यक्रम पोराला आधी कुठवर येतं ते तपासायचा आणि तिथून पुढचं द्यायचा. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, त्यांना सहावीचं पुस्तक दाखवून काय होणार? आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हीच मुलं शाळेच्या नेहमीच्या परीक्षेत गणितात पुढे गेलेली दिसली नाहीत. कारण वाढ झाली ती खालच्या पायऱ्यांवर आणि परीक्षेचा पेपर वरच्या इयत्तेचा. म्हणजे मोजपट्टी चुकीच्या जागी धरली असती, तर चाललेला कार्यक्रमही फुकट गेला असंच वाटलं असतं.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचा अभ्यास गुजरातचा. ज्ञानशाला नावाच्या संस्थेच्या वर्गांत गणिताचा एक संगणकीय कार्यक्रम दोन तऱ्हांनी दिला. काही ठिकाणी शाळेच्या वेळेतच, म्हणजे शिकवण्याचा वेळ काढून. काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, जादा म्हणून. जिथे शिकवण्याचा वेळ काढून दिला तिथे मुलं ठळकपणे मागे पडली. जिथे जादा दिला तिथे पुढे गेली, आणि कच्च्या मुलांना जास्त फायदा झाला. संगणक तोच, धडे तेच.

म्हणून माझं सांगणं: टॅब आला की त्याच्यापायी काय बाजूला सरलं, हे आधी लिहा. तुमच्याकडे गठ्ठ्यांचा आणि काड्यांचा तास चांगला चालत असेल, तर त्या जागी टॅब बसवू नका.

---

वाचनवेडी_आई | १३ मे, दुपारी १:३०

पुण्यात राहते. लेक आठवीत. तिच्या शाळेने सहावीपासून टॅब सक्तीचा केला, फी वेगळी. वर्षअखेर पालकसभेत एका पालकांनी विचारलं की टॅबमुळे मुलांना नक्की काय जास्त आलं. उत्तर मिळालं की मुलं आता अधिक वेळ गुंतून राहतात. मी तेव्हा गप्प बसले, त्याची रुखरुख अजून आहे. गुंतून राहणं म्हणजे शिकणं कसं?

'असर' या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांचे आकडे आहेत. ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कशासाठी तरी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. माझ्या घरातलं चित्र याहून वेगळं नाही. लेक 'गृहपाठ टॅबवर आहे' म्हणून खोलीत जाते आणि बाहेर येते तेव्हा गृहपाठ अर्धाच असतो.

गुरुजी, तुमच्या मोजणीत 'टॅब कितीदा उघडला' हा रकाना ठेवूच नका. तो आकडा नेहमी छानच दिसतो.

---

फिनलंडकर_नाही_स्वीडनकर | १३ मे, रात्री ११:५०

थोडंसंच. इथे स्वीडनमध्ये २०२३ पासून सरकारने छापील पुस्तकांसाठी पुन्हा मोठा निधी द्यायला सुरुवात केली. माझा मुलगा तिसरीत असताना सगळं पडद्यावर होतं, आता पिशवीत पुस्तकं दिसतात. शिक्षिका सांगते की वर्षानुवर्षं उपकरणं घेतली गेली, पण त्यांचा परिणाम नीट तपासला नव्हता. सधन देशाला अशी चूक निस्तरायला पैसे असतात, तुमच्या वर्गणीला ती परवडणार नाही. आधी मोजताय ते फार बरं.

---

श्राव्य | १४ मे, सकाळी १०:२०

मी जन्मापासून अंध. बँकेत नोकरी करतो. वरचं सगळं पटतं, तरी एक बाजू सुटतेय म्हणून लिहितो.

मी शाळेत होतो तेव्हा ब्रेलमधली पुस्तकं वर्ष अर्धं सरल्यावर यायची, काही आलीच नाहीत. मित्र वाचून दाखवायचा तेव्हा अभ्यास. पुढे संगणकावर एनव्हीडीए हे वाचन करणारं सॉफ्टवेअर मिळालं. ते फुकट आहे आणि मराठीही वाचतं. ज्या रात्री मी पहिल्यांदा एक अख्खा लेख कुणालाही न विचारता ऐकला, त्या रात्री झोपलो नाही. तुमच्या सरासरीत माझ्यासारखा एक मुलगा बुडून जाईल. ४० जणांना काडीचाही फरक पडला नाही आणि एकाचं आयुष्य बदललं, तर ते कुठल्या रकान्यात लिहाल?

याच्याच जोडीला तक्रार. मराठीतलं बरंच साहित्य जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे किंवा नुसतं पानांचं चित्र आहे. डोळस माणसाला पान देखणं दिसतं, माझ्या कानाला एक तर निरर्थक अक्षरं येतात किंवा काहीच येत नाही. 'ई-साहित्य उपलब्ध' म्हणून खूण करण्याआधी ते एकदा कानाने तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

---

दगडीपाटी | १४ मे, रात्री ९:१०

श्राव्यदादा, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आमच्या दुसरीत एक मुलगा आहे, त्याला फार कमी दिसतं. फळा दिसावा म्हणून पुढे बसवतो, यापलीकडे मी काही केलेलं नाही. पॅनेलपेक्षा त्याच्यासाठी अक्षर मोठं करता येणारा एक टॅब आधी घ्यायला हवा, हे आज कळलं.

नोंदवही सर, घड्याळ लावून लिहायची कल्पना उचलतो.

---

सातपुडा | १५ मे, संध्याकाळी ६:४५

मी नंदुरबारकडे शिकवते. पहिलीत येणारी पोरं घरी पावरी बोलतात, पुस्तक प्रमाण मराठीत. डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तेव्हा सगळीकडे पुस्तकातल्या क्यूआर कोडचीच चर्चा झाली. त्यांच्या परितेवाडीच्या शाळेतली मुलं कन्नड बोलणारी होती आणि सरांनी आधी पुस्तकांचा मजकूर त्यांच्या भाषेत आणला, हे त्या चर्चेत मागे पडलं. कोड स्कॅन केल्यावर जे उघडलं ते मुलांना समजत होतं, म्हणून त्याचा उपयोग झाला.

माझ्याकडे एक ब्लूटूथ स्पीकर आणि माझा स्वतःचा मोबाइल एवढंच आहे. गावातल्या आज्यांकडून पावरीत गोष्टी सांगून घेतल्या आणि ध्वनिमुद्रित केल्या. तीच गोष्ट मराठीत मी फळ्यावर चित्रांसह लिहिते. आधी ऐकायचं, मग वाचायचं. रडत येणारी पोरं गोष्ट लावली की दारात येऊन बसतात. मात्र मोजलं आहे का विचाराल, तर नाही. या धाग्यामुळे जूनपासून मोजणार आहे.

---

हातचा_एक | १५ मे, रात्री १०:३०

ताई, जरूर मोजा. साधन फुकट आहे. 'असर'ची वाचन आणि गणिताची तपासणी एकेका मुलाला समोर बसवून तोंडी घेतात. वाचनात अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळख, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. एका मुलाला दहा मिनिटं पुरतात. त्यात 'किती गुण' याऐवजी 'कुठल्या पायरीवर' हे कळतं.

दोन काळज्या घ्या. तपासणी उपकरणाबाहेर, कोऱ्या कागदावर घ्या. अ‍ॅपचे गुण अ‍ॅप बनवणाऱ्याने ठरवलेले असतात. आणि शिकवणं थांबल्यावर काही महिन्यांनी पुन्हा घ्या. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणित दिलं तेव्हा गुण चांगले वाढले होते, पण कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर त्यातलं फार थोडं उरलं. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक अहवालातही हेच गाऱ्हाणं आहे की या साधनांच्या उपयोगाचे भक्कम पुरावे फार कमी आहेत, आणि साधनं मात्र तपासण्याआधीच बदलतात.

---

दगडीपाटी | २१ डिसेंबर, रात्री ८:५५

धागा वर काढतोय. जूनपासून जे केलं ते सांगायला हवं.

समितीला पॅनेल थांबवायला राजी केलं. सहा टॅब, एक स्पीकर आणि इन्व्हर्टरची नवी बॅटरी घेतली. तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बँकेत ठेवला, यावर वाद झाला पण माता-पालकांनी लावून धरलं. कमी दिसणाऱ्या मुलाचा टॅब वेगळा. तो आता पुस्तक स्वतः मोठं करून वाचतो. एका मुलाची सरासरी नसते, त्यामुळे त्याच्यापुरता आकडा नाही, पण श्राव्यदादा, तुम्हाला हे कळवायचं होतं.

तिसरी-चौथीच्या २२ मुलांची जूनमध्ये कोऱ्या कागदावर तपासणी घेतली. हातच्याची वजाबाकी ८ जणांना आली. डिसेंबरात पुन्हा घेतली तेव्हा १७ पैकी ११ जणांना आली. मी खूश होऊन तक्ता केला आणि समितीपुढे ठेवणार, तेवढ्यात लक्षात आलं की त्या २२ मधली ५ मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला फडावर गेली आहेत. जूनमध्ये त्या पाचांपैकी एकालाही येत नव्हती. मग जी १७ आज वर्गात आहेत त्यांचंच बघितलं: तेव्हा ८, आता ११. म्हणजे वाढ तीन मुलांची.

पुढची गोष्ट लिहायला जड जातंय. शेजारच्या वाडीवरच्या गुरुजींनी माझ्या विनंतीवरून त्यांच्या १६ मुलांची याच दोन वेळी तपासणी घेतली होती. त्यांच्याकडे टॅब नाहीत. त्यांच्याकडे ६ वरून ९ झाली. तिथेही तीनच.

---

हातचा_एक | २१ डिसेंबर, रात्री १०:०५

सर, तक्ता आहे तसाच समितीपुढे ठेवा. मुलं इतकी थोडी आहेत की यावरून टॅब निकामी ठरत नाही आणि उपयोगी आहे असंही म्हणता येत नाही. एकच विचारतो. टॅब कोणत्या तासाला लावत होता?

---

दगडीपाटी | २२ डिसेंबर, सकाळी ६:३०

गणिताच्याच. पहिली-दुसरीला शिकवत असताना तिसरी-चौथीच्या हातात टॅब. जूनपासून वेळेची वही ठेवली आहे, ती रात्री काढून बघितली. गेल्या वर्षी त्याच वेळेला पोरं गटाने बसून काड्या-मणी घेऊन गणितं करायची आणि चौथीची मुलं तिसरीच्यांना सांगायची. तो तास आठवड्यातून चारदा व्हायचा, यंदा एकदाच झाला. तुम्ही मे महिन्यातच सांगितलं होतं, आणि मी नेमकं तेच बाजूला सारलं.

जानेवारीपासून टॅब शाळा सुटल्यावर पाऊण तास. उपसरपंचांच्या सुनेने थांबायचं कबूल केलंय, तिची बारावी झाली आहे. काड्यांचा तास पुन्हा सकाळी. एप्रिलमध्ये तिसरी तपासणी.

सातपुडाताई, फडावर गेलेल्या पाचांपैकी तीन बंजारा घरातली आहेत. बंजारा बोलीतल्या गोष्टी कुणी ध्वनिमुद्रित केल्या असतील तर कळवाल का? फड इथून ६० किलोमीटरवर आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी दोन टॅब आणि तपासणीचे कागद घेऊन निघतोय.

---

सातपुडा | २२ डिसेंबर, सकाळी ७:१५

माझ्या बहिणीच्या शाळेत बंजारा तांड्यावरची मुलं आहेत. शुक्रवारपर्यंत चार-पाच गोष्टी सांगून घेते आणि पाठवते. फडावर रेंज मिळणार नाही, टॅबमध्ये आधीच उतरवून न्या. आणि सर, स्पीकरही न्या. गोष्ट लागली की आया पण येऊन बसतात.